झोंब्यांचा घाट

पहिल्या चार मेलेल्यांचे पाय मी उलटे चिकटवले.

मुद्दाम नाही. नातीनं आणून दिलेल्या खोक्यात एकेका माणसाचं धड, मुंडकं, हात, पाय सगळं सुटं, प्लास्टिकच्या काड्यांना चिकटलेलं होतं. बोटाएवढी माणसं. ती म्हणाली होती, "आजोबा, हे मरून उठलेले लोक आहेत." आता मेलेल्याचे पाय कसे असतात हे काय मला कुणी शिकवायला पाहिजे? टाचा पुढं, बोटं मागं. जन्मभर हेच ऐकलंय. मी कानस मारून, डिंक लावून चौघं ओळीनं खिडकीत वाळत ठेवले आणि फोनवर तिला दाखवले.

ती हसायलाच लागली.

"आजोबा, पाय!"

"काय झालं पायाला?"

"उलटे लावलेत सगळ्यांचे."

"मेलेत ना ते?"

"मेलेत, पण भुतं नाहीत. झोंबी आहेत. भुताला शरीर नसतं. झोंबी म्हणजे बॉडीच उठते आणि चालायला लागते."

"जाळल्यावर कशी उठंल? राख उठंल का?"

"तिकडं पुरतात, आजोबा. लॉजिक नका ना लावू."

"बरं. मग उठून जातात कुठं?"

"माणसं खायला."

"घरी न्हाई जात?"

"नाही. त्यांना काही आठवतच नसतं."

मग म्हणाली, थांबा, कसे चालतात ते दाखवते. तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि तिच्या पुण्याच्या खोलीत चालून दाखवलं. उजवा हात कोपरात मोडून छातीशी धरलेला, बोटं आत वळलेली. उजवा पाय फरशीवर ओढत. तोंड एका बाजूला खेचलेलं. घशातून आवाज.

मी फोन पालथा घातला. ती पलीकडून "आजोबा? रेंज गेली का?" विचारत होती. मी म्हणलं, हो, गेली.

तिच्या ध्यानात आलं नाही. पोरगी खेळात होती. पण ती जशी चालून दाखवत होती, अगदी तशीच तिची आजी वर्षभर आमच्या घरात चालली. भिंतीला धरून, कॉटपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून कॉटपर्यंत.

मी गवंडी माणूस. शाळा चौथीपर्यंत. पन्नास वर्षं थापी धरली, नारायणगाव ते आळेफाटा रस्त्याला मी बांधलेली घरं अजून उभी आहेत. थोडी जमीन होती ती वाट्यानं दिली. एकच पोरगी, ती अवसरी बुद्रुकला दिली. तिची ही पोरगी पुण्यात कंपनीत आहे आणि सुटीच्या दिवशी अशी बारकी बारकी माणसं, मोडक्या गाड्या, पडकी घरं करत बसते. त्यांचा एक कंपू आहे, ते हॉल घेऊन प्रदर्शन भरवतात. सगळे परदेशातले रस्ते करतात म्हणाली. "मी आपला घाट करणार. बैलगाड्याचा. यात्रेच्या दिवशी झोंबी घाट चढून येतात आणि लोक पळत सुटतात. माणसं मी आणते, घाट तुम्ही करून द्या. तुमच्यासारखा मातीचा उतार मला नाही जमत." मला वाटतं, म्हाताऱ्याला काहीतरी उद्योग असावा म्हणूनही तिनं ते काढलं असंल. दीड वर्ष झालं मी एकटा आहे. भाकरी थापता येत नाही. कुकर लावतो, भात होतो, दोन्ही वेळा तोच खातो. कधीकधी आख्खा दिवस जातो आणि संध्याकाळी लक्षात येतं, आज आपण तोंडच उघडलं नाही.

म्हणून मी हो म्हणलं.

घाट म्हणजे आमच्याकडं शर्यतीचा चढ. खालून बैल सुटतात, वर निशाण पडतं, दोन्ही अंगाला माणसं. आमच्या गावचा घाट मला तोंडपाठ आहे. त्याच्या कडेचा दगडी बांध मीच रचलाय. नातीनं दोन फुटांची प्लायची फळी दिली होती. त्याच्यावर थर्माकोल लावा म्हणाली. मी नाही लावला. घाटावर गेलो आणि तिथलीच पिशवीभर माती आणली. घरात हिची पिठाची चाळण होती, तिच्यात आता पीठ चाळायला कोण आहे? माती चाळली.

पहिला घाट दुसऱ्या दिवशी तडकला. थेट मधोमध, जसं काही भूकंप झाला. नवशिक्या गवंड्यासारखं मी त्याला ऊन दाखवलं होतं. तो खरवडून काढला. सुतळी बारीक कातरून चिखलात मळली, पातळ पातळ तीन थर दिले, वर ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवला. आठ दिवस लागले. पण मग तो असा बसला की नखानं टोकरला तरी निघंना. तुरीच्या वाळक्या फांदीची चिंच केली, पाला म्हणून वाळलेली शेपू चुरून डिंकावर भुरभुरली. गोळ्यांची रिकामी पाकिटं हिच्या उशाखालच्या डब्यात तशीच पडून होती. त्यांच्या चंदेरी कागदाचा कर्णा वळला आणि निशाणाच्या खांबावर बांधला.

माणसांना हिरवा रंग लावायचा होता. मी लावला नाही. मेलेलं माणूस हिरवं नसतं, मी जवळ बसून बघितलंय. पिवळं पडतं, मेणासारखं. मी पिवळाच लावला. चौघांचे पाय सुरीनं सोडवून सरळ केले.

त्या खोक्यात एक बाई होती. उजवा हात छातीशी, पाय ओढता. मी तिला दोन बोटांत धरून बराच वेळ बसलो आणि मग बाजूला वाटीत ठेवली. रंगवली नाही.

आता जे लिहायचंय ते लिहितो.

हिचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. बाकी सगळं शाबूत होतं. समजत सगळं होतं. पहिल्या सहा महिन्यांत मी तिला एका लग्नाला नेली, नारायणगावला, कार्यालयात. तिला लग्नांची फार हौस. तिथं एक लहान पोर तिला बघून रडायला लागलं. त्याच्या आईनं त्याला उचलून नेलं आणि लांब जाऊन बसली. दोन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हिनं ते बघितलं, आणि डाव्या हातानं जिलबी उचलून खायला लागली. तिला काही वाटलं नाही. लाज मला वाटली. तिला नव्हती, मला होती. त्या दिवसापासून मी तिला उंबऱ्याबाहेर काढली नाही.

मग यात्रा आली. चैत्रात असती. यात्रा म्हणजे हिचा जीव. बाकीच्या बाया देवळापाशी, ही चिंचेखाली घाटाच्या कडेला. सकाळपासून ती ट्रंकेकडं बोट करत होती. मी ट्रंक उघडली, तिला पाहिजे ते लुगडं काढलं, मीच नेसवलं. तोंड पुसलं, कुंकू लावलं. तिला कॉटवर बसवली. बाहेर कर्णा सुरू झाला, रस्त्यानं माणसं चालली, पावणे-रावळे, सगळी ओळखीची तोंडं. आणि माझा पाय निघंना. मला ते पोर दिसायला लागलं.

तेवढ्यात नात आली. पुण्याहून गाडी घेऊन, मागं चाकाची खुर्ची घडी करून. मैत्रिणीच्या घरची मागून आणली होती. खुर्ची उतरवत अंगणातनंच ओरडली, "आजी, चल! आज तुला घाटावर नेते!"

मी दारातच आडवा उभा राहिलो. म्हणलं, "झोपलीय ती. नको म्हणती. तू जाऊन ये."

"नको म्हणाली? यात्रेला?"

"मान हलवली. नको म्हणली. गर्दी न्हाई सोसत तिला."

पोरगीनं खुर्ची परत गाडीत घातली. यात्रेलाही गेली नाही, तशीच माघारी पुण्याला गेली. संध्याकाळी मी भेळ घेऊन घरी आलो. हो, मी गेलो होतो. मी एकटा घाटावर जाऊन आलो.

दोन महिन्यांनी ही गेली.

नातीनं दहाव्याला माझ्याजवळ बसून विचारलं होतं, "आजोबा, आजी माझ्यावर रागावली होती का? मी फार दिवस आले नव्हते म्हणून ती नको म्हणाली का?" मी म्हणलं, न्हाई गं. तेवढंच म्हणलं. खरं सांगायची ती वेळ होती आणि मी ती घालवली. अवसरीच्या माझ्या पोरीलाही तेच सांगितलं होतं, आईच नको म्हणली. दोघी तेच धरून बसल्या होत्या.

आणि आता तीच नात मला फोनवर तशी चालून दाखवत होती.

शेजारचा माझा जोडीदार एक दिवस दुपारचा आला. बैलगाड्याचा नाद असलेला माणूस, गुडघे गेले तरी घाट सोडत नाही. दारातनंच म्हणाला, "काय राव, म्हातारपणी भातुकली मांडली का?"

"बस. हात नको लावू, ओलं हाय."

तो वाकून बघायला लागला. "आयला, ह्यो आपला घाट. ह्यो तुझा बांध. चिंच पन घातली! आन् ही मानसं कोन?"

"मेलेली."

"आन् ही?"

"तीबी मेलेली."

"मंग जित्ती कोन हायेत का न्हाई?"

"वरची. ती पळत्यात."

"का?"

"मेलेली वर यायला लागली म्हणून."

त्यानं जरा विचार केला. "आमचा म्हातारा घाटानं वर येताना दिसला तर मी पळंल व्हय? म्हनंल, दादा, बैलं बघा आधी." मग चिंचेकडं बोट करून म्हणाला, "हितं वहिनी पायजे. तिच्याबिगर कसला घाट. माझी बैलं सुटली की हितनं वरडायची, 'भाऊ, पळवतोय का फिरायला आनलीत?' सगळा घाट हसायचा."

मी वाटीवर ताटली झाकली.

"त्या साली न्हाई आली वहिनी," तो म्हणाला. "मी तुला इचारलं तवा तू म्हनला, तिला बरं न्हाई."

"बरं व्हती ती."

"मंग?"

"मीच नेली न्हाई. नातीला खोटं सांगितलं."

पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडलं. माझा जोडीदार उठून उभा राहिला, टोपी काढली, परत घातली. "वंगाळ केलंस," म्हणाला. "आन् ती पोरगी तुझ्यासाठी हे सगळं घिऊन येती." चहा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी मी वाटीतली बाई काढली. रंगवली. लुगडं द्यायचं म्हणून पातळ कागद डिंकात भिजवून गुंडाळला, निऱ्या सुईनं पाडल्या. बाकीच्या मेलेल्यांच्या रांगेत तिला ठेवून बघितली. नाही ठेववली. मग चिंचेखाली ठेवली. पण तिथं तर नातीनं दिलेल्या बाया, सगळ्या पळणाऱ्या. त्यांच्यामधून ही पाय ओढत चाललीय आणि सगळ्या हिच्यापासून लांब पळतायत. ते कार्यालयच झालं परत.

मी त्या बायांचे पाय गुडघ्यातून कापले. पाचही जणींचे. मांडी घालून बसवल्या, पुट्टीनं मांड्या भरल्या, त्यांनाही लुगडी नेसवली. त्याला चार दिवस गेले, डोळ्याला पाणी यायचं. ही त्यांच्या मधोमध. जरा सरकून तिला जागा दिलेली. बाकी वरचे पुरुष पळत होते, त्यांना पळू दिलं.

शनिवारी नात न्यायला आली. फळी बघून टाळ्या वाजवल्या, चहूबाजूंनी फोटो काढले. तडा नसलेली माती, बांध, कर्णा, सगळ्याला नावाजलं. मग चिंचेपाशी वाकली.

"आजोबा, ह्या बायका पळत का नाहीत? आणि ही झोंबी यांच्यात कशी?"

"ती तुझी आजी."

ती हसणार होती. माझ्याकडं बघून थांबली.

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. लग्नातलं पोर सांगितलं, ट्रंक सांगितली, लुगडं सांगितलं. म्हणलं, "ती नको म्हणली नव्हती. ती तयार होऊन बसली होती. नको मी म्हणलो."

तिनं चिंचेखालच्या त्या बाईला बोट लावलं. मग विचारलं, "मी अंगणातून हाक मारली ती तिला ऐकू गेली होती?"

"हो."

"मग?"

"डावा हात कॉटवर आपटत होती."

"आणि तुम्ही दारात उभे होता."

"हो."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारून आली. फळी दोन्ही हातांनी उचलली. मी धरायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या." गाडीत मागच्या सीटवर ठेवली, खाली चादर घातली, पट्टा लावला. मी म्हणलं, त्या बाया बदलायच्या असतील तर बदल, तुझं प्रदर्शन आहे. ती म्हणाली, "आहे तसंच नेणार." गाडीत बसली, काच खाली केली.

"आईला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. फोनवर नाही, जाऊन सांगा."

एवढं बोलून गेली. पोचल्याचा फोन दर वेळी करते. त्या दिवशी केला नाही.

सोमवारी मी एसटीनं नारायणगावला गेलो, तिथून मंचर, तिथून अवसरी. पोरगी ओट्यावर कांद्याची पात निवडत होती. "दादा! न सांगता? बसा, पाणी आणते." मी म्हणलं, पाणी नको, आधी ऐक. रस्ताभर जुळवाजुळव केली होती, ती तिथं काही कामाला आली नाही. चार वाक्यांत संपलं.

तिनं हातातली पात खाली ठेवली. मातीचे हात तसेच मांडीवर. म्हणाली, "दादा, ती पोरगी दीड वर्ष मनात धरून होती. मला म्हणायची, आजीला मी नको होते." एवढंच. मग उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी ओट्यावर बसून राहिलो. ऊन पायांवरून भिंतीवर गेलं. जावई रानातून आला, रामराम केला, आत गेला, आतून काही आवाज आला नाही. पिशवी उचलून परतीची गाडी धरावी असं दोनदा मनात आलं. मग पोरगीनं दार उघडलं आणि ताट आणून ठेवलं. एरवी घासाघासाला "अजून वाढू का" म्हणणारी पोरगी खांबाला टेकून रस्त्याकडं बघत उभी होती. भाकरी ताजी होती. मी जेवलो.

आज पाच दिवस झाले. ती मला जा म्हणत नाही, राहा पण म्हणत नाही. आंघोळीचं पाणी काढून देते. आणि रोज एक गोष्ट विचारते, कधी भांडी घासताना, कधी गाईला घास टाकताना, माझ्याकडं न बघता. पहिल्या दिवशी विचारलं, कोणतं लुगडं नेसवलं होतं. हिरवं, मी म्हणलं, तुझ्या बारशाचं. दुसऱ्या दिवशी विचारलं, ते सोडलं कुणी. मीच सोडलं. नंतर विचारलं, ती त्या दिवशी रडली का. मी म्हणलं, नाही, भिंतीकडं तोंड करून निजली. काल विचारलं, भेळ खाल्ली का तिनं. नाही खाल्ली. मी खाल्ली, म्हणलं, तिच्यासमोर बसून. हे मी तिला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण विचारलं तर सांगायचं असं मी ठरवलंय.

आज सकाळपासून तिनं अजून काही विचारलेलं नाही. आत भाकऱ्या थापल्याचा आवाज येतोय. मी ओट्यावर बसलोय.